परीक्षा न देताच मिळालेले गुण

मराठीत 'गुण' हा शब्द मोठा मजेशीर आहे. मुलाला गणितात गुण मिळतात, माणसाच्या अंगी गुण असतात आणि औषधाचाही 'गुण येतो'. पहिल्या दोन ठिकाणी आपण बऱ्यापैकी चिकित्सक असतो. मुलाला ९५ गुण पडले म्हटले की 'पेपर सोपा होता का?', 'बाकीच्यांना किती?' असे प्रश्न लगेच सुचतात. मुलगी दाखवताना कोणी गुण सांगू लागले तर आपण दोन घरी चौकशी करतो. पण औषधाचा गुण आला म्हटले की संपलेच! परीक्षा कुठे झाली, कोणी घेतली, न शिकलेल्या मुलांना त्याच पेपरात किती पडले, काही म्हणजे काही विचारायचे नाही. नुसती मान डोलवायची आणि पुढच्या माणसाला तो उपाय सांगायचा.

आयुष्यभर पेपर तपासल्यामुळे असेल, पण मला हे सहन होत नाही. म्हणून आजचा हा लेख जरा तिखट झाला आहे. नातेवाईक मंडळींनी राग मानू नये. मानलात तरी शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

विषय आहे डोकेदुखी, त्यातही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. गेल्या काही महिन्यांत आपल्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर अर्धशिशीवर आलेले उपाय मी एका वहीत उतरवून काढले. सूर्योदयापूर्वी दुधात गरम जिलबी. सुंठ उगाळून कपाळावर लेप. नाकात गाईच्या तुपाचे दोन थेंब. तांब्याच्या भांड्यातले पाणी. कानामागे दाबायचा बिंदू. होमिओपॅथीच्या गोळ्या. एका गावची पुडी (गावाचे नाव आहे, पुडीत काय आहे त्याचे नाव नाही). आणि दृष्ट काढणे. एकूण सतरा उपाय भरले! प्रत्येकाच्या शेवटी तेच एक वाक्य, 'अमक्याला हमखास गुण आला, आणि साइड इफेक्ट काही नाही.'

आता या वाक्याचीच जरा उत्तरपत्रिका तपासू.

अर्धशिशीचा झटका मोठ्या माणसात, काहीही उपचार न केल्यास, साधारण ४ ते ७२ तास टिकतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तो काहीही न करता जातो. माणूस पहिल्या तासाला सहन करतो, दुसऱ्या तासाला बाम चोळतो, मग गोळी घेतो, मग कोणीतरी लेप सुचवते आणि शेवटी, दुखणे शिगेला पोचल्यावर, आत्याबाई दृष्ट काढतात. त्यानंतर झोप लागते आणि उठल्यावर डोके हलके झालेले असते. श्रेय कोणाला? शेवटच्या उपायाला! म्हणजे दहा गडी राबले आणि शेवटी मळ्यात आलेल्याने पीक आपले म्हणून सांगितले, त्यातली गत.

दुसरी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. अर्धशिशीचे महिने सारखे नसतात. एखाद्या महिन्यात दोनदा डोके उठते, एखाद्यात आठदा. माणूस वैद्य, बाबा किंवा पुडी शोधायला बाहेर कधी पडतो? आठवाल्या महिन्यात! पुढचा महिना बहुधा त्यापेक्षा बरा जाणारच असतो. जुन्या काळी छडीवाले मास्तर असत. चाचणीत सर्वांत कमी गुण पडलेल्या मुलाला छडी बसे, आणि पुढच्या चाचणीत त्याचे गुण थोडे वाढत. मास्तरांची खात्री पटे की छडी लागू पडते. पण त्या वर्गातल्या न मारलेल्या 'ढ' मुलांचेही गुण पुढच्या चाचणीत वाढलेले असत, हे कोण बघणार? फार खाली घसरलेले पुढच्या वेळी थोडे वर येतेच. छडीची गरज नसते आणि पुडीचीही.

म्हणून परीक्षा लागते. परीक्षा म्हणजे काय तर दोन सारखे गट करायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी निरुपयोगी गोळी द्यायची, कोणाला काय दिले ते रोग्याला आणि शक्यतो देणाऱ्यालाही कळू द्यायचे नाही, आणि शेवटी मोजायचे. एवढे साधे आहे. याला कोणी 'पाश्चात्त्य' म्हटले की मला हसू येते. दोन मुलांना एकच पेपर द्यावा यात पाश्चात्त्य काय आहे?

आणि ही परीक्षा ॲलोपॅथीचे लाड करते असा ज्यांचा समज आहे त्यांच्यासाठी एक निकाल सांगते. अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या, अर्धशिशी असलेल्या ३६१ मुलांवर एक मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. अमिट्रिप्टिलीन आणि टोपिरामेट ही डॉक्टरांची नेहमीची दोन प्रतिबंधक औषधे. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून कमी झालेली मुले पहिल्या औषधावर ५२ टक्के, दुसऱ्यावर ५५ टक्के आणि नुसत्या खोट्या गोळीवर ६१ टक्के! औषधांचा वेगळा फायदा दिसेना म्हणून चाचणी मुदतीआधी थांबवली. आणि हा निकाल दडवला नाही, जगातल्या एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापला. आपलाच मुलगा नापास झाला हे वर्गाच्या दारावर लावायला धैर्य लागते. माझा प्रश्न इतकाच आहे, की तुमच्या पुडीवाल्याने आपला असा एक तरी निकाल कधी दारावर लावला आहे काय?

आता याच परीक्षेला 'पर्यायी' म्हणवणारे कोण कोण बसले आणि काय झाले ते पाहू. कारण सगळे नापास झाले असे मी मुळीच म्हणत नाही. तसे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा आळस आहे.

जीवनसत्त्व बी-२, म्हणजे रिबोफ्लेविन. बेल्जियममध्ये ५५ रोग्यांवर रोज ४०० मिलिग्रॅमची चाचणी झाली, १९९८ मध्ये ती छापून आली. तीन महिन्यांनी निम्म्याने फरक पडलेले रोगी औषधाच्या गटात ५९ टक्के आणि खोट्या गोळीच्या गटात १५ टक्के. लहान चाचणी होती, पण निकाल चांगला. मात्र ४०० मिलिग्रॅम म्हणजे रोजच्या गरजेच्या दोनशेपटीहून अधिक. 'पालेभाजी खा म्हणजे झाले' असा त्याचा अर्थ काढू नये.

ॲक्युपंक्चर. जर्मनीत ९०० हून अधिक रोग्यांवर मोठी चाचणी झाली, २००६ साली निकाल आला. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांत ४७ टक्क्यांना, भलत्याच जागी टोचलेल्यांत ३९ टक्क्यांना आणि नेहमीच्या औषधांवरच्या ४० टक्क्यांना निम्म्याने फरक पडला. हा फरक संख्याशास्त्राच्या हिशेबात बसण्याइतका नव्हता. म्हणजे गंमत पाहा! सुया उपयोगी पडल्या, औषधाच्या बरोबरीने पडल्या, पण बिंदू कुठलाही चालला. त्या 'ऊर्जावाहिन्यां'च्या नकाशाचे काय करायचे ते तुम्हीच ठरवा. इंग्लंडची सरकारी मार्गदर्शक संस्था मात्र काही औषधे चालत नसतील तर ॲक्युपंक्चर करून पाहा असे मोकळेपणाने सांगते. तिथे अहंकार आड येत नाही.

योग. आपल्या दिल्लीच्या एम्समधली चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. अर्धशिशीच्या १६० रोग्यांपैकी निम्म्यांना नुसती औषधे आणि निम्म्यांना औषधे अधिक योग. तीन महिन्यांनी दोन्ही गट सुधारले, पण योगवाला अधिक. आपण योग करतो आहोत हे रोग्यापासून लपवता येत नाही, ही या परीक्षेची अडचण आहेच. तरी निकाल आनंदाचा आहे. पण तो ग्रुपवर कसा आला? 'योगाने मायग्रेन बरा, गोळ्यांना रामराम!' अहो, चाचणीतल्या योगवाल्यांनी गोळ्या सोडल्याच नव्हत्या! 'अधिक' हा शब्द गाळला की अख्खे गणित चुकते.

होमिओपॅथी. लंडनमध्ये साठेक रोग्यांवर चार महिने चाचणी झाली, १९९७ साली निकाल आला. साखरेच्या साध्या गोळीहून ठरण्याजोगा फरक दिसला नाही. पुढे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळे पुरावे एकत्र तपासून सांगितले, की कोणत्याही आजारावर ती परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. आमच्या पुण्या-मुंबईकडे हे बोललेले खपत नाही, मला ठाऊक आहे. पण निकाल आवडीवर लागत नसतो.

आता ते लाडके वाक्य, 'साइड इफेक्ट काही नाही.'

बटरबर नावाची एक युरोपीय वनस्पती आहे. तिचा अर्क अर्धशिशीच्या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाला होता. अमेरिकेतील न्यूरॉलॉजिस्टांच्या संस्थेने २०१२ साली तिला पहिल्या श्रेणीची शिफारसही दिली. आणि २०१५ मध्ये ती मागे घेतली. कारण? यकृताला इजा होत असल्याच्या तक्रारी. वनस्पतीच ती, शंभर टक्के नैसर्गिक! कण्हेर आणि धोतराही नैसर्गिकच आहेत, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. शहरात आल्यावर आपण ते विसरतो.

घरचे उदाहरण हवे? अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरातल्या दुकानांत विकली जाणारी, दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली गेली. २००४ सालचा अहवाल आहे. त्यातल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. म्हणजे पाचात एक. आणि शिशाची विषबाधा झाली की जी लक्षणे दिसतात त्यात एक कोणते, तर डोकेदुखी! म्हणजे ज्यासाठी पुडी घ्यायची तेच पुडी देणार, आणि मग आपण पुडी वाढवणार. ज्या पुडीवर घटकांची यादीच नाही तिच्यात स्टिरॉइड किंवा सरळ ॲलोपॅथीची वेदनाशामके मिसळलेली सापडण्याची उदाहरणेही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तिचा 'गुण' का येतो, ते आता कळले ना?

ज्याचा परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो. कशाचाच दुष्परिणाम होत नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले तर त्याचा परिणाम तरी होतो का, हे आधी विचारावे.

यावर 'हजारो वर्षांची आपली परंपरा खोटी काय?' हा प्रश्न येणार. म्हणून सांगते. आपल्या पूर्वजांनी या दुखण्याला 'अर्धावभेदक' म्हटले आहे. सुश्रुतांनी शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले, त्यात तो आहे आणि ऊन चढेल तसा चढणारा 'सूर्यावर्त'ही आहे. पहाटेची जिलबी त्या सूर्याच्याच धाकाने आली असावी. (उपाशी राहिल्याने ज्याचे डोके उठते त्याला पहाटे पोटात काही गेल्यावर बरे वाटले तर नवल नाही, पण मग श्रेय जिलबीचे की वेळेवर खाण्याचे?) चरकसंहितेत तर अर्धावभेदक फार वाढला तर डोळा किंवा कान निकामी करील असा इशारा आहे. आणि त्याच चरकसंहितेत सत्य कसे ओळखावे याच्या चार वाटा सांगितल्या आहेत, आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. या चारींना मिळून तिथे कोणता शब्द वापरला आहे माहीत आहे? 'परीक्षा'! पुढे जाऊन वैद्यांचे दोन प्रकारही केले आहेत, प्राण राखणारे 'प्राणाभिसर' आणि रोग वाढवणारे 'रोगाभिसर'. ज्यांनी एवढे कडक पेपर काढले त्यांच्या नावावर आपण कॉपी करून पास होतो आहोत. परंपरेचा खरा अपमान तो आहे.

बरे, हे सगळे मी आताच का लिहिते आहे? कारण हा चर्चेचा नुसता खेळ राहिलेला नाही. आपल्याच घरातल्या एका सुनेला (नाव लिहीत नाही, तिला विचारूनच लिहिते आहे) महिन्यातून सहा-सात दिवस अर्धशिशी आडवी पाडते. डॉक्टरांनी रोज घ्यायची प्रतिबंधक गोळी सुरू केली. अशा गोळीचा उपयोग होतो की नाही हे ठरवायला दोन-तीन महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात ग्रुपवर 'केमिकल शरीरात साठते'चा निरोप आला, दोन मोठ्या माणसांनी फोन केले, आणि तिने गोळी बंद केली. पुडी सुरू झाली. डोके काही थांबेना, म्हणून गल्लीतल्या दुकानातून दुखण्यावरची गोळी येऊ लागली, आधी आठवड्यात दोन आणि मग जवळजवळ रोज. इथे एक सापळा असतो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि कॅफीन वगैरे घातलेली मिश्र गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली की गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. तिचे तेच झाले. पंधरवड्याचे दुखणे रोजचे झाले. आता ती पुन्हा डॉक्टरांकडे जाते आहे. सात महिने फुकट गेले. हे सात महिने कोणाच्या खात्यावर लिहायचे? गुण आला की सांगायला सगळे पुढे असतात, अवगुणाचे पालक मात्र कोणी नसतात.

डॉक्टर मंडळींनाही सोडणार नाही. लोक पुडीकडे का जातात? कारण तिथे बसायला मिळते. काय खाता, कधी झोपता, मन कुठे लागत नाही, हे कोणी विचारते. इकडे दोन तास रांगेत बसून दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. गोळी किती दिवस घ्यायची, कशासाठी घ्यायची, किती दिवसांनी फरक पडेल हे जर सांगितलेच नाही तर ती पोकळी व्हॉट्सॅप भरून काढणारच. ऐकून घेणे हे सर्वांत जुने पूरक औषध आहे आणि त्याला पदवी लागत नाही.

'पूरक' म्हटले मी. भाषेची शिक्षिका असल्याने शेवटी शब्दावरच येते. 'पूरक' आणि 'पर्यायी' हे दोन शब्द आपण एकाच दमात उच्चारतो, पण त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पूरक म्हणजे असलेल्यात भर घालणारे. पर्यायी म्हणजे असलेले काढून तिथे बसणारे. योग करा, प्राणायाम करा, सुंठीचा लेप लावा, आवडत असेल तर डोक्याला तेल लावा. माझे काही म्हणणे नाही. भर घालणाऱ्याकडून मी एवढेच मागते की त्याने इजा करू नये. पण जे कोणी 'ते बंद करा आणि हे घ्या' म्हणेल त्याने आधी परीक्षेचा निकाल दाखवावा. आणि काही दुखण्यांत 'हे घेऊन पाहा'ला वेळच नसतो. डोकेदुखी क्षणात वीज कोसळावी तशी आली, सोबत ताप येऊन मान ताठली, बोलणे अडखळले किंवा हात-पाय लुळा पडला, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झाली, डोळा लाल होऊन दिसेनासे झाले, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नव्या तऱ्हेने दुखू लागले, तर लेप उगाळत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

एक उपाय मात्र त्या सतरांत नव्हता. कर्नाटकात झालेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी अनुभवलेल्यांचे प्रमाण सुमारे चारात एक निघाले, आणि जगभर हे दुखणे बायकांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळते. जेवण चुकणे, झोप मोडणे, ऊन ही त्याची नेहमीची निमित्ते. आता आपली घरे बघा. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर अडीचला जेवते ती कोण? एकादशी, चतुर्थी, सोमवार, सगळे उपास कोणाच्या डोक्यावर? आणि तिचे डोके दुखले की 'पाहुणे आले की हिचं बरोबर दुखतं' हे वाक्य कोणाच्या तोंडी? तर अठरावा उपाय लिहून घ्या. तिला वेळेवर जेवू द्या. डोके उठले की खोलीत अंधार करा, टीव्ही बंद करा, पोळ्या तुम्ही लाटा. तिच्याजवळ एक छोटी वही द्या, कोणत्या तारखेला दुखले, किती तास, कोणती गोळी घेतली, असे दुखण्याचे हजेरीपुस्तक. ते घेऊन डॉक्टरांकडे जा आणि बरोबर कोणीतरी जा.

याला पैसे पडत नाहीत, साइड इफेक्ट खरोखरच नाही, आणि तरी हा उपाय कोणी पुढे पाठवत नाही. कारण त्यात औषध दुसऱ्याने घ्यायचे नसून कष्ट आपण घ्यायचे असतात!

असो. पुढच्या वेळी ग्रुपवर 'हमखास गुण' आला की मी एकच प्रश्न विचारणार आहे, 'किती पैकी?' उत्तर तयार ठेवा.